रोज्यातल्या सायकली

आमच्या केडगावातला सायकल दुरुस्तीवाला बोलताना पान्याने टायरवर ठेका धरतो. गेल्या रमजानमध्ये लांबच्या वाडीची एसटी बंद झाली आणि मी शिकवते त्या वर्गातल्या तिथल्या मुली घरीच बसल्या. शाळेच्या पडवीत जुन्या सायकली मोडून पडल्या होत्या. त्याला कळलं, तसा तो हत्यारांची पेटी घेऊन आला. रोजा धरून चार दिवस उन्हात राबला.

"मजुरी सांगा, चाचा," मी म्हटलं.

"न्हाई बाई. या महिन्यात अल्लाच्या नावानं द्यायचं असतं. माझ्याकडं हेच कसब हाय, तेच दिलं."

त्या संध्याकाळी आम्ही सायकली वाडीवर पोचवल्या. सकाळी मुली घंट्या वाजवत फाटकातून आत शिरल्या. तो माझ्याआधीच तिथं उभा होता. ग्रीसने माखलेले हात उंचावून ओरडला, "बाई, हजेरी घ्या! एक बी कमी न्हाई!"