आधी पूजा

मुलाला गाडी घ्यायची आहे म्हणून काल त्याच्याबरोबर नंदुरबारच्या एका शोरूममध्ये गेले होते. नव्या टायरच्या उग्र वासात कुणीतरी नुकत्याच फोडलेल्या नारळाचा वास मिसळला, आणि मला आमचा पहिला ट्रॅक्टर घेतला तो दिवस आठवला.

कोरीटचे आमचे बापू, म्हणजे माझे वडील, बैलबाजारात भाव पाडण्यात वस्ताद. त्यांचं हत्यार एकच, नाही पटलं की उठून चालू लागायचं. पहिला ट्रॅक्टर घ्यायला निघालो तेव्हाही ते आईला म्हणाले होते, "नही जमनं ते सरळ धुळे जाऊत."

पण शोरूममध्ये भावाचं बोलणं निघण्याआधीच तिथल्या शेठनं कुंकवाची थाळी मागवली. "वहिनी, आधी पूजा करून घ्या. भाव कुठे पळून जातो?" आई हरखली. तिनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला. मग शेठनं भाव सांगितला. तो ऐकून बापू सवयीनं उठले, दारापर्यंत गेले. तिथून वळून त्यांनी ते ओलं कुंकू पाहिलं आणि मुकाट्यानं परत येऊन बसले.

"पूजा व्हयी गयी," ते माझ्याजवळ पुटपुटले, "आते सोडीसन कसं जावानं?"

शेठनं त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. हा डाव तो रोज खेळत असणार.

आई मात्र शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, "देवमाणूस व्हता तो. पयले पूजा करू दिनी."

बापू शेजारीच बसलेले असायचे. त्यांनी तिला शेठचा तो डाव कधीच सांगितला नाही.