द्वारकाबाईंचा डावा गाल

समजा, तुम्हाला तुमच्या आईचा फोटो काढायचा आहे. लग्नाच्या गर्दीतला नव्हे. बघताक्षणी शेजारीण म्हणेल, ही अगदी हीच, असा. तिला कुठं बसवाल? उजेड कुठल्या बाजूनं घ्याल? आणि तिनं मान वळवली, तर सरळ बघ म्हणाल, की ती काय झाकते आहे ते आधी बघाल?

शेंद्र्याच्या तनुजावर ही वेळ आली ती वडिलांच्या एकसष्टीला. तिच्या भावानं, इंद्रजीतनं, फाट्यावर फ्लेक्स लावायचं ठरवलं होतं. मधोमध वडील काकासाहेब, भोवती घरची माणसं. तनुजा म्हणाली, फोटो मी काढते. डिप्लोमा करून ती कारखान्यात तपासणीवर लागली होती. पाळीभर लोखंडी भाग दिव्याखाली धरून बघायचे, हे तिचं काम. समोरून उजेड टाकला तर तडा दिसत नाही. आडवा टाकला की केसाएवढाही दिसतो, हे ती तिथं शिकली होती. घरच्या माणसांनाही तिनं तोच आडवा उजेड लावायचा ठरवला.

इंद्रजीतला तिनं मोटारसायकलच्या आरशात भांग पाडताना पकडलं. काकासाहेबांना खाटेवर बसवलं आणि हसा वगैरे काही म्हणाली नाही. बांध कोरणाऱ्या भावकीचा विषय काढला. त्यांचा जबडा आवळला, मांडीवरच्या हाताची मूठ वळली, आणि तिनं बटण दाबलं. फोटो बघून ते खूश झाले.

"असा पायजे माणूस. बघणाऱ्याची टरकली पायजे."

त्या मुठीची घरात कुणाला ओळख करून द्यायला नको होती. भाजीत मीठ कमी पडलं तरी ती उठायची, जास्त पडलं तरी उठायची. इंद्रजीत अंगानं बापाच्या बरोबरीला आला तेव्हा त्याची सुटका झाली. तनुजाची, ती पगार आणू लागल्यावर. आईची, द्वारकाबाईंची, झाली नाही. कन्नड तालुक्यातून नवरी होऊन आलेली ही बाई मार खाताना ओरडायची नाही. पदराचा बोळा तोंडात धरायची आणि नंतर उठून तव्यावरची जळालेली भाकरी उलटायची.

आईचा फोटो तनुजानं रिकाम्या गोठ्यात घ्यायचा ठरवला. बैल विकून बरीच वर्षं झाली होती. गोठ्याला एकच पत्र्याचं दार, मावळतीच्या तोंडाचं, आत उघडणारं. सकाळी त्यातून ऊन येत नसे, नुसता आडवा, थंड उजेड येई. आईची खोड तिला ठाऊक होती. घरातल्या प्रत्येक फोटोत द्वारकाबाईंचा उजवा गालच दिसायचा. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जुना व्रण होता. बैलानं शिंग मारलं, असं घरात सांगत, गावही तेच सांगे. म्हणून तनुजानं पाट असा मांडला की उजेड उजव्या गालावर पडावा.

द्वारकाबाई बसल्या. मग उठल्या, पाट उचलला, फिरवून ठेवला आणि पुन्हा बसल्या. डावा गाल उजेडात आला.

"काढ आता. जसं हाय तसं काढ," त्या म्हणाल्या.

रात्रपाळीहून आलेल्या तनुजाला झोप येत होती. तिनं फोटो काढला आणि विषय सोडून दिला. संध्याकाळी कॉम्प्युटरवर तो मोठा करून बघताना मात्र तिचा हात थांबला. शिंगाचा घाव वेडावाकडा असतो. ही रेघ एकसारखी होती, कमानीसारखी वळलेली, एखाद्या भांड्याच्या काठासारखी. वडिलांचा फोटो तिनं शेजारी उघडला. खाटेखाली त्यांचा पाण्याचा पितळी तांब्या होता. त्याचा काठ एका जागी आत दबलेला होता. त्याच तांब्यानं ते रोज पाणी प्यायचे.

शहरातल्या फ्लेक्सवाल्या ओवैसनं फोटो लावता लावता विचारलं, "दीदी, आंटी का दाग निकाल देतूं? एक मिनिट का काम है."

तनुजा म्हणाली, राहू दे. तिचा हिशेब साधा होता: लोक बघतील, बापाला लाज वाटेल, लाजेनं हात खाली येईल. घरात ज्याला कधी लाज वाटली नाही, त्याला चारचौघांत वाटली तर त्या लाजेचं काय होतं, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

फ्लेक्स लागला. द्वारकाबाईंचा गाल ट्रकच्या टायरएवढा झाला, आणि मधोमध काकासाहेबांच्या खाटेखालचा दबक्या काठाचा तांब्याही मोठा झाला. फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारा कडुबा काकासाहेबांचा लहानपणचा सोबती. चहा पुढं करत तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काकासाहेब, तुमचा बैल काय तांब्या घेऊन हिंडत व्हता व्हय?"

माणसं खो खो हसली. काकासाहेबही हसले. चहा संपवला, उठले आणि स्वतःच्या हातांनी फ्लेक्स फाडला. त्याचा एक बांबू घेऊन घरी निघाले.

तनुजा अंगणात लेन्स पुसत होती. पहिला फटका कॅमेऱ्यावर बसला, दुसरा तिच्या खांद्यावर. तिसरा तिनं हातावर झेलला, तेव्हा हाडातून आवाज आला. ती गोठ्यात पळाली. आत द्वारकाबाई सरपण काढत होत्या. तनुजा चांगल्या हातानं दार लोटू लागली, तेवढ्यात काकासाहेबांनी फटीत हात घातला.

द्वारकाबाईंनी लेकीला बाजूला सारलं आणि सगळं अंग दारावर टाकलं.

पत्र्याच्या कडेनं बोटं चौकटीवर दाबली गेली. काकासाहेबांनी आधी शिव्या दिल्या. मग मारून टाकीन म्हणाले. मग नुसतंच द्वारके, द्वारके. रक्त चौकटीवरून ओघळून खालच्या भुश्यात मुरत होतं. द्वारकाबाईंनी पाय भिंतीला रोवले आणि अजून जोर लावला. आत काहीतरी मोडलं, ओल्या काटकीसारखं. तनुजा म्हणाली, आई, सोड. त्यांनी सोडलं नाही. बाहेरून आयुष्यात पहिल्यांदा विनवणी आली, "अगं, सोड गं, पाया पडतो." तरी सोडलं नाही. फटीतून आत आलेली मूठ आपोआप उघडली होती. त्या उघड्या हाताकडं बघत द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या, "तनू, ह्याचा काढ फोटो."

कॅमेरा अंगणात फुटून पडला होता.

इंद्रजीतनं येऊन बाहेरून दार ढकललं. सरकारी दवाखान्यात काकासाहेब आणि तनुजा एकाच बाकावर बसले, दोघांच्याही हाताला पट्ट्या. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं, तेव्हा काकासाहेब खाली बघून म्हणाले, "बैलानं चेंगारलं." त्या घरात कितीतरी वर्षं बैल नव्हता.

आता ते डाव्या हातानं जेवतात, भाकरी कुस्करून. भाजीला मीठ कमी पडलं तर मागून घेतात. द्वारकाबाई तांब्या भरून ठेवतात, त्यांच्या हातापासून जरा लांब. फाटक्या फ्लेक्सनं त्यांनी सरपण झाकलंय. छापील बाजू वर आहे.

तनुजाच्या हाताचं प्लॅस्टर निघालं त्या दिवशी तिनं आईला विचारलं, त्या सकाळी पाट का फिरवलास. द्वारकाबाई पीठ मळत होत्या. "ऊन डोळ्यात येत व्हतं," त्या म्हणाल्या आणि मळत राहिल्या.

मावळतीच्या दाराला सकाळचं ऊन कुठलं? आणि फ्लेक्सवर आपला गाल केवढा होणार, तो कोण कोण बघणार, बघितल्यावर काकासाहेब काय करणार, हे सगळं माहीत असूनच त्यांनी पाट फिरवला होता का?