ताटाभोवतीचं पाणी

मैत्रिणींनो, आपल्या कॉलनीतली फिरती वही काल माझ्याकडे आली. आज सकाळचीच गोष्ट लिहिते.

सासूबाई गेल्यापासून माझे सासरे, अण्णा, आमच्याकडे जयपूरला आहेत. रोज वाईला परत जायचं म्हणतात. जेवायला बसल्यावर ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि बाजूला चार शितं ठेवायची, ही त्यांची जन्माची रीत. इथे आल्यापासून तीही सुटली होती. दोन घास खायचे आणि उठायचे.

आज गॅस संपला. हे दौऱ्यावर. मी अण्णांना घेऊन कोपऱ्यावरच्या भोजनालयात गेले. बाहेरचं ते सहसा खात नाहीत, म्हणून मी धास्तावलेच होते.

अकराच्या सुमारास पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आली. अण्णा बराच वेळ ताटाकडे पाहत बसले. मग त्यांनी तळहातावर पाणी घेतलं, ताटाभोवती फिरवलं आणि पुरीचे चार तुकडे टेबलावर मांडले.

वाढणारा फडकं घेऊन धावला. "बाबूजी, पानी गिर गया?"

"गिरा नहीं, भैया. हमने डाला है. तुम पूरी लाओ."

"अभी गरम लाता हूँ," म्हणत त्याने फडकं खांद्यावर टाकलं.

अण्णा सहा पुऱ्या जेवले. मी मान वर न करता मोजल्या.

हात धुताना म्हणाले, "सूनबाई, सिलिंडरची घाई नको."

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाकडे भरलेला सिलिंडर असेल, तर कृपा करून आठवडाभर आम्हाला कळवू नका.