सगळ्यात जास्त फटके

सुरतेच्या पांडेसऱ्यात आम्ही पाच माणसं एका खोलीत राहायचो. पाऊस आला की खाट भिंतीपासून सरकवायची, आणि ती सरकवली की दार उघडायचं नाही. आबा कापड विणायच्या लूमच्या खात्यात कामाला. जितके तागे विणले तितका पगार. वीज गेली की पगारही गेला. त्यामुळे आबांचा आयुष्याबद्दलचा हिशेब सरळ होता: ज्याने जास्त केलं तो पुढे.

दादा दहावीला दोनदा नापास झाला. मग हजिऱ्याकडच्या एका कंपनीच्या मैदानावर गवत कापायला लागला. ते मैदान गोल्फचं. सोमवारी साहेब लोक नसत, तेव्हा दादा कुणाच्या तरी जुन्या काठीने खेळायचा. एक दिवस म्हणाला, "मी पगारी खेळाडू होणार."

आबांनी शांतपणे विडी विझवली. "एक स्पर्धा खेळ. सगळ्यास्ना पुढे गया तर खेळ. नाहीतर सोमवारपासून लूमवर."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. खेळाचं इंग्रजी पुस्तक वाचून दादाला नियम मीच समजावले होते. या खेळात ज्याला फटके कमी लागतात तो जिंकतो.

स्पर्धेवरून दादा तोंड पाडून आला. आबांनी त्याच्या हातातला सगळ्यांच्या फटक्यांचा कागद घेतला. अक्षरं वाचता येत नसली तरी आकडे त्यांना चांगले कळत, रोज ताग्यांचे मांडायचे ना.

"तू कितला मारात?"

"चौऱ्याण्णव," दादा पुटपुटला.

आबांनी इतरांचे आकडे बोटाने खाली खाली पाहिले. अठ्ठ्याहत्तर. एक्क्याऐंशी. शहात्तर. मग माझ्याकडे वळले. "हाऊ सगळ्यात जास्त ना?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली मुलगी, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "हो आबा. याच्याएवढे कुणीच मारले नाहीत."

त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीत खमण वाटलं गेलं. आबा म्हणत होते, "साहेब लोक शहात्तरलाच थकी गयात." शेवटून पहिल्या आलेल्या खेळाडूचा असा सत्कार सुरतेत दुसरा झाला नसेल.

पण पुढे पंचाईत झाली. दादा खरंच सुधारला. नव्वद, मग चौऱ्याऐंशी, मग अठ्ठ्याहत्तर. आबांना काळजी लागली. "दर महिन्याला उतरस. अंगात ताकद राहिनी नाही." आई त्याच्या भाकरीवर जास्तीचं तूप घालू लागली. दादा ते खाऊन आणखी कमी फटके मारायचा.

तिसऱ्या वर्षी व्यावसायिक होण्याची चाचणी झाली. शेवटच्या दिवशी दादाने एकाहत्तर फटके मारले आणि नाचत घरी आला.

"एकाहत्तर?" आबा खाटेवर बसले. "पुरा बिघडी गया. मी मुकादमाशी बोलस. सोमवारी लूमवर."

दादाने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आता मलाच बोलायचं होतं.

"आबा, तुमच्या लूमवर एका ताग्यात कुणाचा धागा चौऱ्याण्णव वेळा तुटला आणि कुणाचा एकाहत्तर वेळा, तर चांगला कारागीर कोण?"

"एकाहत्तरवाला. हाई काय विचारनं झालं?"

"इथला फटका म्हणजे तुटलेला धागा."

आबांनी दादाच्या कागदावरच्या एकाहत्तरवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ते खमण..."

"हो," मी म्हटलं.

"गल्लीत सांगशी नको." मग दादाकडे वळून, "आणि तू ते तूप खाणं सोडजो नको."

दादा व्यावसायिक गोल्फर झाला आणि पुढे त्यावरच घर चालवलं. मी त्याच वर्षी बी.कॉम. झाले. आमच्या घरात याआधी कुणी मैदानावरही गेलं नव्हतं आणि कॉलेजातही नव्हतं.