पट्टे सोडल्यावर

परवा बारामतीत आईने आम्हा सगळ्यांची बोलती बंद केली.

अर्धांगाच्या झटक्याने तिची डावी बाजू गेली, त्याला पाच महिने झाले. गेला महिनाभर भाऊ तिला पणदऱ्याहून आणतो, मी इंदापूरहून पोहोचते आणि इथल्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये आम्ही तिला रोबोटवर चालवतो. कमरेला, मांड्यांना पट्टे बांधले की ते यंत्र तिचे पाय उचलून पुढे टाकतं... साडी चालत नाही म्हणून आईच्या अंगात भावाची ट्रॅक पँट आणि कॉलरचा टी-शर्ट. त्यावरूनच दोन दिवस रुसवा.

यंत्रात ती झकास चालायची. पट्टे सोडले की खुर्ची घट्ट धरून बसायची. "यंत्र चालतंय गं, मी न्हाय," एवढंच पालुपद.

फिजिओथेरपीच्या मॅडम सांगून दमल्या, की यंत्राचा जोर आम्ही कधीच कमी केलाय, आता बरंचसं तुम्हीच चालताय. आईला पटेना. दोन सेशन उरली होती. ती आता कायम व्हीलचेअरवरच राहणार हे मी मनात मान्य करून टाकलं होतं... रडू यायचं आणि तिचा रागही यायचा.

परवा सेशन संपलं, पट्टे सोडले, आई खुर्चीत बसली. तेवढ्यात आबा आत आले. आबा म्हणजे माझे चुलते, आईचे थोरले दीर. आमच्याकडे थोरला दीर समोर आला की भावजय बसून राहत नाही.

आई उभी राहिली.

उजव्या हाताने डोक्यावर पदर घ्यायला गेली... टी-शर्टला कुठला पदर? मग कॉलरच जराशी ओढली आणि आबांना खुर्ची मोकळी करून द्यायला बाजूला सरकली. एक, दोन, तीन पावलं. डावा पाय घासत होता, पण टाकत तीच होती.

मॅडमचे हात तिच्या पाठीमागे तयार होते, लावावे लागले नाहीत. आमची तोंडं बघून आईला कळलं आपण काय केलंय ते. तिने खाली पायांकडे पाहिलं. "व्हय की... मीच हाय," म्हणाली.

आबांनी डोळे पुसले. "पोरी, मग मी रोजच येत जातो की," मला म्हणाले.

मॅडमचे आणि त्या यंत्राचे आभार मानावे तेवढे थोडेच. या उठून उभं राहण्याच्या रिवाजावरून मी आईशी आजवर भांडत आलेय, पुढेही भांडणार आहे... आता ती पायावर उभी राहून भांडेल, आणि मला तेच हवं होतं.