अंगारकीच्या दिवशी कापलेला केक

मी पत्रकं लिहिते. चार ओळी राग, दोन ओळी मागणी, खाली सभेची वेळ आणि ठिकाण. बाजारात बायकांसाठी धड मुतारी नाही, यावर आम्ही सहा महिने भांडलो. त्या भांडणातच मला केक शिकवायची नोकरी लागली. हे वाचून आमच्या गटातले लोक हसले तर हसू देत.

सह्या मागत मी रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका पहिल्या मजल्यावरच्या क्राफ्टच्या दुकानात शिरले. लेस, मोती, रंगीत कागद, गौरींचे दागिने, आणि मागच्या मांडणीवर केकचं सामान. मालकीण पन्नाशीची, सगळं गिऱ्हाईक तिला वहिनी म्हणतं. तिने कागद न वाचता सही केली. तिचं लक्ष माझ्या खांद्यावरच्या कापडी फलकाकडे होतं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"ब्रशनं काढलंस? केकवर काढशील काय असं? इथे ज्या त्या बायका इंग्रजीत हॅपी बर्थडे काढतात. 'आजोबांना' असं मराठीत लिहा म्हटलं की अक्षरं मुंग्या चालल्यासारखी दिसतात."

केक मला येत होता. आमच्या वाडीत चौदा एप्रिलला जयंतीचा मोठा केक कापतात. तो आधी बेकरीतून यायचा, मग मी घरी करायला लागले, फोनवर बघून बघून. निळं क्रीम. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या वाडीच्या जिभा निळ्या. क्रीम किती फेटलं की उभं राहतं आणि किती फेटलं की फाटतं, हे मी तिथेच शिकले. वहिनीला एवढं सांगितलं. ती म्हणाली, मंगळवारी दुपारी दोन ते चार, आठवड्यातून एकदा, निदान चौघी जमल्या तर वर्ग चालू. मग म्हणाली, "गाव कुठलं गो तुझं?"

"राजापूरकडे."

"वाडी?"

वाडी विचारणं म्हणजे काय विचारणं, हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आडनावाने कळलं नाही तर वाडीने कळतं. मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "बौद्धवाडी."

"बरं," वहिनी म्हणाली. आणि पुढचंच वाक्य, "शिकवताना डमी वापर हो. थर्माकोलची. वर काढते तुला माळ्यावरून. त्यात पहिलाच वर्ग येत्या मंगळवारी येतोय, डमीच बरी."

थर्माकोलच्या गोल ठोकळ्यावर क्रीम लावायचं, दाखवायचं, पुसून टाकायचं. खायचा प्रश्नच नाही. वाडी आणि डमी, ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात तिथल्या तिथे चिकटली आणि सुटेनात. दुसरी कुणी असती तर मी तिथेच विचारलं असतं की माझ्या हातचं कुणी खाऊ नये म्हणून का? तहसीलदाराला मी तोंडावर विचारते. पण मला ती नोकरी हवी होती. घरातून मला कुणी कधी म्हटलेलं नव्हतं की तुला काही येतं. हे मला येत होतं. म्हणून मी काय केलं, तर थर्माकोलवर बंदी आहे, असं भाषण दिलं. पर्यावरण, समुद्र, मासे. वहिनी ऐकत राहिली.

"बरं बाई, खरा केक आण," ती म्हणाली. "तुझा तू करून आण."

आता माझ्यासाठी परीक्षा ठरली. वर्ग संपल्यावर मी केक कापणार आणि त्या चौघी तो खाणार. खाल्ला तर मी इथे शिक्षिका. नाही खाल्ला तर मी फक्त हात, लांबून बघायचे. आठ दिवस मला दुसरं सुचत नव्हतं. अंडं कुणाला चालणार नाही म्हणून बिनअंड्याचा केला. आदल्या दिवशी दोन केक फसले, मध्ये बसले. आई म्हणाली, "लग्नाचा मुहूर्त असल्यासारखी काय थरथरतेस?" तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने एकच म्हटलं असतं, कशाला जातेस मग.

मंगळवारी चौघी आल्या. एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सगळ्या त्यांना बाई म्हणत होत्या. वही आणि दोन पेन घेऊन आलेल्या. दोघी सख्ख्या जावा, आंब्याच्या कॅनिंगवाल्या घरातल्या. मोठी बोलायची, धाकटी मान डोलवायची. आणि चौथी मूळची नाटे बंदराची, म्हणजे नाट्याची, मासेमारीवाल्या मुसलमान घरातली, नवरा आखातात. ती एकटीच ऑर्डरी घ्यायच्या म्हणून शिकायला आलेली. बाकीच्यांना मुलानातवंडांचे वाढदिवस.

माझे हात गार पडले होते. क्रीमला ते बरंच असतं. दिवाळी होऊन गेली होती तरी उकाडा होता, आणि पंखा लावला की क्रीमला पापुद्रा येतो, म्हणून पंखा बंद. सगळ्यांना घाम. मी केक फिरत्या स्टँडवर ठेवला, थर कापले, साखरेचं पाणी शिंपडलं, आधी पातळ क्रीम लावून भुगा बसवायचा आणि मग जाड थर, हे दाखवलं. मग टोकाला नोजल लावलेल्या पिशवीत क्रीम भरून अक्षरं. फलक रंगवताना मी आधी अक्षरं काढते आणि वरची रेघ शेवटी ओढते. क्रीमवर तसं केलं तर रेघेच्या वजनाने अक्षरं खाली सरकतात. इथे रेघ आधी, अक्षरं तिला टांगायची. बाईंनी हे लिहून घेतलं. खाली रेघही मारली.

"कपडे वाळत घातल्यासारखं," नाट्याची म्हणाली. मोठी जाऊ हसली. मला वाटलं, चाललंय बरं.

पावणेचारला मी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसली आणि केक कापला. सहा तुकडे. कागदी ताटल्यांत घालून पहिली मोठ्या जाऊबाईंपुढे धरली.

"नको हो मॅडम, राहू दे."

धाकटीने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला पण नको."

बाईंनी वही पिशवीत टाकली. "डब्यात द्या मला. घरी नेते."

तीन ताटल्या माझ्या हातात आणि टेबलावर. नाट्याची उठून क्रीमचा रिकामा डबा उलटा करून बघत होती. "मॅडम, ह्या क्रीमात जिलेटिन तर नाय ना? अंड्याचं काय नाय आमचं." आम्ही दोघींनी मिळून बारीक अक्षरं वाचली. नव्हतं. तिने तुकडा उचलला, खाल्ला, बोट चाटलं. "झकास."

एक झाली. पण मला तीन दिसत होत्या. कान तापले, आणि माझी जीभ पत्रकाच्या वळणावर गेली.

"माझ्या हातचं चालत नाही का तुम्हाला?" मी मोठ्या जाऊबाईंना विचारलं. "तसं स्पष्ट सांगा. मला ऐकायची सवय आहे."

वहिनी दाराशी लेसचं रीळ गुंडाळत होती, ती थांबली.

बाई म्हणाल्या, "अगो, आज अंगारकी."

मला पटकन कळलंच नाही.

"संकष्टी गो, मंगळवारची," मोठी जाऊ म्हणाली. "सकाळपासून पोटात साबुदाण्याचा दाणा नाही. आणि तू दोन तास नाकासमोर केक गरगरा फिरवतेस. वर विचारतेस, खात का नाही."

नाट्याची तोंडावर हात धरून हसली. बाईही हसल्या. धाकटीने अगदी सरळ मनाने विचारलं, "तुमच्यात नसते का अंगारकी?"

"नसते," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध."

"हो का," ती म्हणाली.

सगळ्या रत्नागिरीला माहीत असलेला दिवस मला माहीत नव्हता. आमच्या घरच्या कॅलेंडरवर तो छापलेला असतो; आम्ही फक्त गॅस कधी लावला ते त्यावर लिहितो. वहिनीचं 'त्यात येत्या मंगळवारी येतोय' हे वाक्य आता कळलं. मी तिघींना तीन डबे भरून दिले. "चंद्र उगवला की खाऊ," मोठी म्हणाली आणि डबा दोन बोटांनी धरून जिना उतरली. गरम होता म्हणून नव्हे. डबा गार होता. दोन बोटांनी का, हे मी घरी जाईपर्यंत घोकत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनीने बोलावून घेतलं.

"असं विचारलंस तर परत कोण येणार?"

"मला वाटलं ते विचारलं."

"मलाही मनातून तेच विचारत होतीस ना, डमीच्या वेळी? मासे न् समुद्र न् काय काय सांगत होतीस."

"हो."

वहिनी म्हणाली, "डमी सगळीकडे वापरतात, कुठल्याही वर्गात जाऊन बघ. आणि वाडी विचारली ती सवयीने. माझ्या सासूबाई असत्या तर तुला त्यांनी जिन्याच्या वर येऊ दिलं असतं, असं मी तुला सांगणार नाही. खोटं कशाला बोलू." मग म्हणाली, "पुढचा वर्ग बुधवारी ठेव. आणि आधी कॅलेंडर बघ."

मी बघितलं. तीन-तीनदा बघितलं. उपास खरा होता, ते झालं. डब्यांचं काय झालं? चंद्र उगवल्यावर तीन घरांत ते उघडले का? आंदोलनात निवेदन दिलं की त्याची पोच मिळते, शिक्का मारून. केकच्या तुकड्याची पोच कोण देणार.

बुधवारी तिघीच आल्या. मोठ्या जाऊबाई नव्हत्या. धाकटी म्हणाली, त्यांचा गुडघा दुखतो. बाई बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"तुमच्या केकात साखरेचं पाणी जास्त झालं होतं हो. वर ठीक, खाली लगदा. आमचे हे म्हणाले, केक आहे की शिरा. मी म्हटलं गप खा, बारा तासांचा उपास आहे."

आयुष्यात कुणी माझ्या कामाला नाव ठेवल्यावर मी इतकी खूश झाले नव्हते. "किती जास्त?" मी विचारलं. "किती चमचे कमी करू?" बाई बिचाऱ्या सविस्तर सांगत राहिल्या.

धाकटी मान खाली घालून आपल्या केकच्या कडा गुळगुळीत करत होती. तिच्या डब्याबद्दल ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी केक कापला तेव्हा दोघींनी खाल्ला. धाकटीने आपली ताटली तशीच ठेवली. बाई आणि नाट्याची जिना उतरून गेल्यावर तिने दाराकडे पाठ केली आणि उभ्या उभ्याच, भराभर खाल्ला. तोंड पुसलं.

"आमचा डबा घरी पोचला नव्हता," ती म्हणाली. "जाऊबाईंनी वाटेत एका आवाराच्या दगडी गडग्यावर ठेवून दिला. मला म्हणाल्या, अंगारकी होती म्हणून सुटलो. तुम्ही त्यांना काही बोलू नका हं. मला त्याच घरात राहायचंय."

म्हणजे उपास खरा होता आणि मी विचारलं तेही खरं होतं. ह्यावर पत्रक कसं लिहायचं, मला येत नाही. चार ओळी रागाच्या लगेच तयार झाल्या, तिथेच, नोजल गोळा करताना. पण खाली मागणी काय लिहू? आणि लिहिलं की ते पहिलं वाचणार मोठी जाऊ, आणि भोगणार ही.

"नाही बोलणार," मी म्हटलं. बोलले आणि माझाच मला राग आला.

तिसऱ्या बुधवारी गुलाब होते. मोठ्या जाऊबाई आल्या. मुलीच्या वाढदिवसाला त्यांना गुलाबांचाच केक हवा होता. गुलाब नुसता बघून येत नाही. शिकवणारीने शिकणारीचा हात पिशवीवर आपल्या हातात घ्यायचा, दाब कुठे वाढवायचा आणि कुठे सोडायचा हे हातालाच कळवायचं. बाईंचा हात घेतला, नाट्याचीचा घेतला, धाकटीचा घेतला. मग मोठ्या जाऊबाईंपुढे उभी राहिले. ती पिशवी धरून बसली होती. मी हात पुढे केला आणि तिचा धरला.

बोटं ताठ. बांगड्या माझ्या मनगटाला लागत होत्या. पहिला गुलाब झाला तो आम्ही दोघींनी बघितला.

"कोबी झाला," ती म्हणाली.

"दाब उशिरा सोडलात. परत."

चौथ्याला फूल दिसायला लागलं. तोवर तिची बोटं सैल पडली होती, निदान मला तसं वाटलं. चार वाजता मी केक कापला, चार ताटल्या टेबलावर ठेवल्या, चौघींच्या पुढे, आणि नोजल धुवायला मोरीकडे वळले. बघत उभी राहायची माझ्यात ताकद नव्हती. एवढंसं नोजल, धुवायला किती वेळ लागतो? तरी मी आत ब्रश घालून घालून धुवत राहिले. मागे बाई सांगत होत्या की आज पाणी बेताचं आहे, छान झालाय. मोठीचा आवाज मला ऐकू आला नाही.

हात पुसून वळले तेव्हा चारही ताटल्या रिकाम्या होत्या. दोघी जावा शेजारी शेजारी बसलेल्या. धाकटीच्या ओठाला क्रीम होतं. मोठी रुमालाने बोटं पुसत होती, पण बोटांना क्रीम तर गुलाबांचंही लागलं होतं. दोन ताटल्या दोघींनी एकेक संपवल्या की धाकटीने दोन्ही, हे बाईंना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. ह्याला माघार म्हणतात का, ते मी अजून ठरवलेलं नाही.

"पुढच्या बुधवारी पानं दाखवा," मोठी जाऊ म्हणाली आणि पर्स उचलून जिन्याकडे निघाली.