नकाराचे पेढे

नकार मिळाला म्हणून पेढे वाटणारी बाई जगात एकच असेल, आणि ती माझ्याच नशिबी मेव्हणी म्हणून यावी, हा धक्का मला अजून पचलेला नाही. रोह्याहून ती पहिल्यांदा पेढे घेऊन आमच्या पेणच्या घरी आली, तेव्हा मी दोन तोंडात टाकले आणि ऐटीत विचारलं, "कुठल्या कॉलेजात लागली नोकरी?" ती शांतपणे म्हणाली, "नोकरी कसली, भावोजी. माझा शोधनिबंध परत आला." पेढा गिळावा की काढून ठेवावा, मला कळेना.

खाऱ्या जमिनीतल्या भातावर ती पीएच.डी. करते. आसपासच्या संशोधक पोरापोरींची तिने एक टोळी बांधलीय आणि ती रविवारी आमच्या ओटीवर बसते, कारण पेण सगळ्यांना सोयीचं, आणि माझी बायको चहाला नाही म्हणत नाही. ज्याचं लिखाण परत येईल त्याने पेढे आणायचे, हा मेव्हणीचा कायदा. "लपवलं की माणूस आतून कुजतो," म्हणते. शिवाय एकमेकांचं लिखाण ही मंडळी इतक्या निर्दयपणे सोलतात की एकदा मी भांडण सोडवायला मध्ये पडलो. जोहे गावच्या ज्या पोराची बाजू घेतली, तोच मला म्हणाला, "काका, थांबा हो, आता कुठं कामाचं बोलतायत."

मग टोळीतली गडब गावची मुलगी यायची थांबली. मार्गदर्शकांनी तिच्या प्रबंधाचं प्रकरण पुन्हा परत केलं होतं. फोन बंद, आणि सगळं सोडून डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी नोकरी धरल्याचं कानावर आलं. मेव्हणीने पुढचा रविवार थेट तिच्या अंगणात भरवला. गाडी हाकायला अर्थात मी. न सांगता आलेली ही वरात पाहून मुलीची आई दारात आली.

"काय गो, पोरगी पास झाली का काय आमची?"

"नाय मावशी," मेव्हणी म्हणाली, "लिखाण परत आलंय तिचं. पेढे खायला आलोय."

आता ही माउली खराटा काढते, या भीतीने मी गाडीकडे सरकलो. तेवढ्यात मुलगीच बाहेर आली, डोळे सुजलेले.

"पेढे नाय आणले मी."

"मग चहा टाक. आणि ते प्रकरण आण."

दुपारभर त्यांनी ते सोललं. निघताना मुलगी हळूच म्हणाली, "शनिवारपर्यंत शिफ्ट हाय. रविवारी येईन."

घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं आणि म्हणालो, असं कुणी कुणाच्या दारात जाऊन बसतं का?

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मुंबईचं शिक्षण अर्धवट टाकून माझी बहीण वर्षभर रोह्याला खोलीत बसली होती, तेव्हा तुम्ही म्हणायचात, आराम करतेय. तिच्या दारात कुणी आलं नव्हतं हो."